हप्ता वाढवून मागणारे गेनूतात्या

विम्याचा हप्ता कमी करून द्या म्हणून भांडणारी माणसं पुण्यात पैशाला पासरी मिळतील. हप्ता वाढवून द्या म्हणून भांडणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे आमचे घरमालक, गेनूतात्या.

मी वर्ध्याहून नोकरीसाठी पुण्यात आले तेव्हा नगर रोडवर आयटी कंपन्या उगवायला नुकती सुरुवात झाली होती. माझं ऑफिस खराडीला आणि भाड्याची खोली वाघोलीत. खोली कसली, चांगला दोन खोल्यांचा फ्लॅट. ज्या जमिनीवर ती बिल्डिंग उभी होती ती पूर्वी तात्यांची. बिल्डरने जमिनीच्या बदल्यात पैसे दिले आणि वर काही फ्लॅट दिले. त्यातल्या तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये तात्या आणि काकू राहायचे आणि तिसऱ्या मजल्यावर मी.

पहिल्याच दिवशी मी पाहिलं, की पार्किंगमधल्या छपराखालच्या सगळ्यात चांगल्या जागेवर एक काळी मोटारसायकल उभी आहे आणि तात्यांच्या मुलाने त्यांना घेऊन दिलेली कोरी चारचाकी बाहेर लिंबाच्या झाडाखाली कावळ्यांच्या स्वाधीन केलेली आहे. मोटारसायकल कुठल्या जमान्यातली हे सांगणं कठीण. ती बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती.

"तात्या, किती वर्षांची आहे हो गाडी?" मी सहज विचारलं.

"वय इचारू नगा, काम इचारा," तात्या म्हणाले.

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. स्वतःचं वय विचारलं तरी हेच. एकदा दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनाही त्यांनी हेच ऐकवलं आणि बाईंनी केसपेपरवर वयाच्या जागी फुली मारली.

रोज सकाळी तात्या जुन्या धोतराच्या तुकड्याने गाडी पुसायचे. मग गाडी सुरू करून, टाकीला कान लावून, डोळे मिटून ऐकत बसायचे. "आज जरा घसा बसलाय," असं म्हणून काहीतरी पिळायचे आणि पुन्हा ऐकायचे. दारातून काकू ओरडायच्या, "एवढं तेल माझ्या गुडघ्याला घातलं असतं, तर मी चालत आळंदीला जाऊन आले असते!" सोसायटीत कुणी नवी मोटारसायकल आणली, की तात्या तिच्याभोवती फेरी मारायचे, सीटवर हात फिरवायचे आणि हळहळून म्हणायचे, "बाळ हाय. प्लास्टिकचं बाळ."

माझी कंपनीची बस चुकली, की तात्या मला ऑफिसला सोडायचे. गांधी टोपीवर हेल्मेट घालायचे, त्यामुळे हेल्मेट डोक्यावर बसण्याऐवजी उभं राहायचं. ऑफिसच्या गेटवर सुरक्षारक्षकाने गाडीखाली आरसा घातला, की तात्या म्हणायचे, "खालनं काय बघतोस लेका, वरनं बघ की! वरनं लई देखणी हाय."

तर त्या वर्षी गाडीच्या विम्याची मुदत संपत आली. विम्याचा एजंट सोसायटीत आला. चुणचुणीत मुलगा, टाय लावलेला. त्याने तात्यांना सांगितलं, "तात्या, तुमची मजा आहे. गाडी जुनी झाली ना, म्हणून किंमत शून्य. आता फक्त थर्ड पार्टी घ्यायचा. अगदी किरकोळ हप्ता."

"थर्ड पार्टी म्हंजी?"

"म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं, तर भरपाई कंपनी देणार."

"आन् दुसऱ्यानं हिचं केलं तर? चोरीला गेली तर?"

"शून्याची भरपाई शून्यच की हो, तात्या."

एजंट हसला. तात्या हसले नाहीत. त्यांनी हळूच विचारलं, "म्हंजी समद्या जगाला किंमत हाय, आन् हिलाच न्हाय?" मग त्यांनी त्या मुलाला चहा पाजला आणि घालवून दिलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत, असं काकूंनी मला सांगितलं.

इथे माझ्याकडून एक आगाऊपणा झाला. आमच्या ऑफिसात तेव्हा एका विमा कंपनीचं सॉफ्टवेअर बनत होतं आणि ते तपासायचं काम माझ्याकडे होतं. गाडीचं वय घालायचं आणि किंमत बरोबर उतरते का ते बघायचं, हा माझा दिवसभराचा उद्योग. दरवर्षी किंमत काही टक्क्यांनी घसरते, किंमत घसरली की हप्ता घसरतो. पण पाच वर्षांनंतर तक्ताच संपतो. पुढे मालकाने आणि कंपनीने आपापसात बोलून किंमत ठरवायची असते. शून्य असं नियमात कुठेही नाही. एजंटने आपली कटकट वाचवली होती. तात्यांना बरं वाटावं म्हणून मी हे सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझं दार वाजलं. तात्या स्वच्छ धोतर नेसून, कडक टोपी घालून, हेल्मेट हातात घेऊन उभे.

"आपापसात म्हंजी मी आन् कोन?"

"कंपनीचे साहेब."

"कुठं बसत्यात?"

"शनिवार पेठेत ऑफिस आहे त्यांचं. पण तात्या..."

"चल पोरी. रजा टाक."

मी रजा टाकली. का टाकली ते अजून कळलेलं नाही. बहुधा त्यांच्या चेहऱ्याकडे बघून.

शनिवार पेठेतल्या त्या ऑफिसात दुसऱ्या मजल्यावर जोगसाहेब नावाचे अधिकारी होते. टकलावरून आडवे ओढून बसवलेले मोजके केस, नाकावर चष्मा आणि चेहऱ्यावर जगाला कंटाळल्याचा भाव. तात्यांनी आपलं म्हणणं सांगितलं. जोगसाहेबांनी ते पूर्ण ऐकलं आणि म्हणाले, "आपण किंमत आणि हप्ता वाढवायला आला आहात?"

"व्हय."

"कमी करायला आलेल्यांची रांग पलीकडे आहे. तिथे आपल्याला सोबत तरी मिळेल."

"मला सोबत नगं. किंमत पायजे."

"गाडी कुठल्या सालची?"

"वय इचारू नगा, काम इचारा."

"अहो, वय न विचारता विमा द्यायचा म्हणजे मुलगी न बघता लग्न करण्यासारखं आहे."

"आमचं तसंच झालं," तात्या म्हणाले. "झ्याक चाललंय."

पलीकडच्या टेबलावरची बाई खुदकन हसली. जोगसाहेबांनी तिच्याकडे बघितलं आणि गाडीचे कागद पुढे ओढले. आरटीओने गाडी पुन्हा पास केलेली होती. सगळं चोख होतं. "बरं, आपल्या मते किंमत काय धरावी?"

तात्यांनी आकडा सांगितला. साहेबांनी चष्मा काढला.

"आणखी थोडे घातले तर यात नवी येते."

"मग तुमी नवी घ्या की! मी कुठं नवीचा विमा मागतोय?"

"हे पाहा, गाडीची तपासणी झाल्याशिवाय मला काही ठरवता येणार नाही. आपण एखादा टेम्पो करून गाडी इथे आणा, मग बघू."

टेम्पो हा शब्द ऐकला आणि तात्या उठून उभे राहिले. मला वाटलं, आता इथे काहीतरी होतं. पण ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, "साहेब, गाडी खाली उभी हाय. आमी दोघं तिच्यावरच आलोय. चला, बसा."

"मी? ऑफिसच्या वेळात?"

"घोडं घेताना बसून बघत्यात. दात मोजून सोडत न्हाईत."

जोगसाहेब का उठले, कोण जाणे. कदाचित त्या खुर्चीत बसून कंटाळले असतील. ते जिना उतरले, आम्ही मागोमाग. तात्यांनी एकाच किकमध्ये गाडी सुरू केली. साहेबांनी माझं हेल्मेट डोक्यावर चढवलं आणि मागे बसले. सगळं ऑफिस गॅलरीत आलं. गाडी भडभडत शनिवारवाड्याच्या दिशेने निघून गेली.

"एक चक्कर मारून येतील," पलीकडच्या टेबलावरची बाई म्हणाली.

ते आले नाहीत. चहा आला, चहा गेला. दुसरा चहा आला. ऑफिसच्या शिपायाने दोनदा खाली जाऊन रस्ता बघितला आणि वर येऊन गंभीरपणे सर्वांना विचारलं, "आपल्या साहेबांचा स्वतःचा विमा आहे ना?"

कोणालाच माहीत नव्हतं. एका सरकारमान्य अधिकाऱ्याला पळवून नेण्यात आपला हात आहे, ही बातमी वर्ध्याला आईपर्यंत कशी पोचेल, याचा मी विचार करू लागले.

जेवणाची सुट्टी संपता संपता खाली भडभड ऐकू आली. जिन्यावरून जोगसाहेब वर आले. टकलावरचे केस उलट्या बाजूने उभे राहिले होते. चष्म्यावर धूळ होती. हातात मेथीच्या दोन भरगच्च जुड्या होत्या. ते खुर्चीत बसले, जुड्या टेबलावर ठेवल्या, चष्मा पुसला आणि अख्ख्या ऑफिसला उद्देशून म्हणाले, "कात्रजचा घाट चढून आलो. घाटात मी तीन देवांची नावं घेतली. गाडीने एकदाही दम घेतला नाही."

"आन् मंडईचं सांगा की," तात्या मागून म्हणाले.

"येताना मंडईवरून आलो. तिथले दोन-तीन म्हातारे भाजीवाले गाडीचा आवाज ऐकून गाळ्यांतून उठून बाहेर आले. आवाज ऐकून! माझा आवाज माझी बायको ओळखत नाही." साहेबांनी कागद पुढे ओढले. "हं. काय आकडा म्हणाला होतात?"

तात्यांनी पुन्हा तोच आकडा सांगितला. जोगसाहेबांनी तो लिहिला. एक रुपया कमी केला नाही. मग त्या किमतीवरचा वाढीव हप्ता काढला आणि म्हणाले, "आपल्याला हा भुर्दंड दरवर्षी पडणार, याची कल्पना आहे ना?"

"पडू द्या. पडलाच पायजे."

तात्यांनी हप्ता भरला, पावती कपाळाला लावली आणि खाली जाऊन समोरच्या दुकानातून पेढे आणले. ऑफिसात प्रत्येकाला स्वतःच्या हाताने दिले. रांगेत हप्ता कमी करून घ्यायला उभे असलेल्यांनाही दिले. "हप्ता वाढला म्हणून पेढे वाटणारा गृहस्थ," जोगसाहेब पेढा खाता खाता म्हणाले, "माझ्या नोकरीत पहिला. आणि ईश्वरकृपेने शेवटचा असो."

परत येताना तात्या नगर रोडच्या मधोमध, राजासारखे चालले होते. मागचे ट्रक हॉर्न वाजवत होते. तात्यांना ती सनई वाटत असावी.

सोसायटीत पोचल्यावर गाडीला हार घातला. काकूंनी ओवाळलं, तोंडाने "येडं झालंय हे माणूस" असं म्हणत का होईना. टायवाला एजंट नेमका दुसऱ्या कुणाकडे आला होता. त्याला बोलावून दोन पेढे दिले. मला वाटलं, आजचा दिवस संपला.

संध्याकाळी तात्या माझ्या दाराशी आले. सकाळची ऐट उतरलेली होती. टोपी हातात घेऊन नुसतीच गोल फिरवत होते.

"पोरी, जरा संगं येशील? समोरच्या बिल्डिंगीत जायचंय. बबनकडं."

मी चमकले. बबनआप्पा म्हणजे तात्यांचे धाकटे सख्खे भाऊ. समोरच्याच बिल्डिंगमध्ये राहायचे. जमिनीचे पैसे आले तेव्हा दोघांत भांडण झालं आणि त्यानंतर दोघे एकमेकांशी एक शब्द बोललेले नव्हते. रस्त्यात समोरासमोर आले, तर एक जण चपलेचा अंगठा नीट करायला थांबायचा आणि दुसरा पुढे निघून जायचा. हे सगळ्या वाघोलीला माहीत होतं.

"माझं काय काम तिथे, तात्या?"

"तू सोबत असली म्हंजी तो दार लावायचा न्हाय."

आम्ही गेलो. जिना चढताना तात्या दोनदा थांबले. गाडी घाटात थांबली नाही आणि हे जिन्यात थांबत होते, मला हसूही येत होतं आणि नव्हतंही. बेल मी वाजवली. दार आप्पांनीच उघडलं. तीच उंची, तेच नाक. भावाकडे बघून त्यांचा हात कडीवरच राहिला.

तात्या थेट बोलायला लागले, जणू वाक्य पाठ केलं होतं. "बबन, वाटणी झाली तवा गाडीला किंमत न्हाय म्हनून तिची वाटणी झाली न्हवती. तू म्हनला, भंगार हाय, ने तुला पायजे तर. मी नेली. आता सरकारी कागदावर किंमत लागलीय तिला. म्हंजी वाटणी ऱ्हायलीय. निम्मी गाडी तुझी हाय."

आतून टीव्हीचा आवाज येत होता. तात्यांनी मान खाली घातली. "मेथीची पोती घिऊन मंडईला जायचो तवा मी चालवायचो आन् मागं पोती धरून तू बसायचा. येकट्याची कशी व्हईल ती? तुझ्या दारात यायला मला काय कारणच सापडंना रं. म्हनून किंमत लावून आनली."

मी भिंतीकडे बघत उभी राहिले. दुसरीकडे कुठे बघावं ते सुचेना.

आप्पांनी कडीवरचा हात काढला.

"किती लावली?"

तात्यांनी आकडा सांगितला.

"येवढीच?" आप्पा एकदम कडाडले. "आपल्या गाडीची? दादा, तुला आजूनबी भाव करता येत न्हाय! मला घिऊन गेला असता तर दुप्पट लावून आनली असती!"

"व्हय, लई शाना तू! मेथी कोन फुकापासरी इकून यायचं?"

"मी? का तू?"

दोघे भांडतच जिना उतरले. आप्पा अनवाणीच. पार्किंगमध्ये गाडीपाशी आल्यावर आप्पांनी हार बाजूला सारून टाकीवर हात ठेवला आणि हात पुढे केला. तात्यांनी किल्ली त्यांच्या हातावर ठेवली.

"आज तू चालव," तात्या म्हणाले. "मी मागं बसतो."

आप्पांना तीनदा किक मारावी लागली. तिसऱ्या वेळी गाडी भडभडली, दारातून काकू वाकून बघायला लागल्या आणि दोघे म्हातारे गेटकडे निघाले. मागे बसलेल्या तात्यांना हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. ते कधी मांडीवर ठेवत, कधी सीटच्या कडेला. गेटपाशी गतिरोधक होता. त्यावरून गाडी उडाली, तसा तात्यांचा हात आप्पांच्या खांद्यावर गेला. गतिरोधक मागे पडला, गाडी नगर रोडला लागली, तरी तो हात तिथेच होता.