छबू गल्लीत डावीकडे वळा

चार वाजता निरोप समारंभ, आणि पावणेचारला नकाशेसाहेबांनी घरच्यांना तिसरा फोन लावला.

"निघालात का?"

"बाबा, गाडीतच आहोत," मुलगी म्हणाली. "आई आहे, मामा आहे, मामाच्या मांडीवर तुझा केक आहे. अजून काही?"

"हो. रस्ता कोणालाही विचारायचा नाही. मी लोकेशन पाठवलंय, फोन नेईल तसं यायचं. चौतीस वर्षं मी काय गवत उपटत होतो?"

साहेबांचं खरं आडनाव फक्त पगारपत्रकाला ठाऊक होतं. नकाशा कार्यालयात ते साखळी घेऊन मोजणीला लागले आणि उपग्रहाच्या चित्रांपर्यंत येऊन पोचले. शहरातली गटारंसुद्धा त्यांना तोंडपाठ! मुलगी जन्मली तेव्हा ते एका टेकडीची उंची मोजत होते. ती उंची त्यांना अजून सेंटिमीटरपर्यंत आठवते. मुलीचं जन्माचं वजन मात्र विचारू नका. आणि बायकोला त्यांनी हे कार्यालय एकदाही दाखवलं नव्हतं. आधी "पुढच्या महिन्यात" होतं, मग "हे काम संपू दे" झालं, आणि मग तिने विचारणंच सोडून दिलं. ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

लक्षात आलं ते गेल्या आठवड्यात, टेबलाचे खण रिकामे करताना. म्हणून भाषणाच्या कागदावर पहिलंच वाक्य तिच्यासाठी होतं. सगळ्यांसमोर, तिच्याकडे बघून म्हणायचं. आरशासमोर ते सात वेळा म्हणून झालं होतं.

चार वाजून दहा मिनिटं झाली. पहिल्या रांगेतल्या तीन खुर्च्या रिकाम्याच.

"सुरू करू या," मुख्य अधिकारी घड्याळ बघत म्हणाले. "पावणेपाचला मला बैठक आहे."

तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला.

"बाबा, मोठा रस्ता खोदलाय, म्हणून फोनने दुसरीकडून वळवलं. आता समोर भिंत आहे!"

"भिंत कशी असेल? नीट बघ."

मागून मेहुणा ओरडला, "भावोजी, अजून किती नीट बघू? गाडीचं नाक टेकलंय! एका बाजूला पाण्याची टाकी, दुसऱ्या बाजूला कचऱ्याचा डबा, आणि फोन म्हणतोय सरळ जा!"

"मागे घ्या आणि वळून परत..."

"आलो ना परत! तीनदा! केक आता डब्यात कमी आणि माझ्या पँटवर जास्त आहे!"

साहेबांनी विचारलं, "फोन गल्लीचं नाव काय सांगतोय?"

"छबू गल्ली," मुलगी म्हणाली. "असं कुठे नाव असतं का?"

नकाशेसाहेबांच्या हातून भाषणाचा कागद पडला.

जुन्या काळी कार्यालयात एक रिवाज होता. दुसऱ्या कुणी नकाशा चोरून छापला तर पकडता यावा, म्हणून प्रत्येक नकाशात एखादी खोटी गल्ली घालायची. तिची नोंद एका कुलपातल्या वहीत करायची, म्हणजे पुढे ती पुसता येते. एकतीस वर्षांपूर्वी, लग्नाला जेमतेम चार महिने झालेले असताना, हे काम त्यांच्याकडे आलं. त्या पाण्याच्या टाकीमागे मोकळी जागा होती. त्यांनी दोन रेघा ओढल्या आणि बायकोला दार लावल्यावरच मारायच्या हाकेचं नाव त्या गल्लीला देऊन टाकलं! आता हे वहीत लिहायचं म्हणजे वरिष्ठ वाचणार. लाजेपायी नोंद राहिली. घरी सांगू म्हणाले, तेही राहिलं. पुढे कागदावरची रेघन्‌रेघ संगणकात गेली, संगणकातून लोकांच्या फोनात गेली, आणि छबू गल्ली गुपचूप बसून राहिली. आजपर्यंत तिच्यावाचून कुणाचं काही अडलं नव्हतं.

साहेब व्यासपीठावरून थेट दाराकडे धावले.

"अहो, सत्कारमूर्ती! हे मानपत्र कोणाला देऊ?" मुख्य अधिकारी ओरडले.

"खुर्चीला द्या!"

टाकीपाशी पोचले तेव्हा मेहुणा पँटवरचं क्रीम खरवडत होता. बायको भिंतीसमोर उभी होती, हातात फोन.

"या फोनमधल्या बाईने मला तीनदा छबू म्हटलं," ती म्हणाली. "गेल्या वीस वर्षांत तुम्ही एकदा तरी म्हणालात?"

"अगं, ही तुझीच गल्ली. एकतीस वर्षं झाली."

"बघतेय ना. कचऱ्याच्या डब्यापासून भिंतीपर्यंत."

"सांगायचं राहिलं."

"एवढंच राहिलं?"

कागद तिकडे पडलेला, आणि सात वेळा घोकलेल्या वाक्यातला एक शब्द आठवेल तर शपथ. खिशात सवयीने ठेवलेला चूक-दुरुस्तीचा कोरा अर्ज तेवढा होता. उद्यापासून ते कार्यालयाचे कोणी नव्हते. जे करायचं ते आजच. त्यांनी अर्ज गाडीच्या बॉनेटवर पसरला. 'चूक' या रकान्यात लिहिलं, नसलेली गल्ली. पुढचा रकाना होता 'कारण'.

तिथे त्यांनी लिहिलं ते मुलीने मोठ्याने वाचलं. "संबंधित कर्मचारी प्रत्यक्ष जागेवर वेळेत पोचला नाही. अनेकदा."

मेहुण्याचा खरवडणारा हात थांबला.

तिसरा रकाना होता 'दुरुस्ती'. बायकोने साहेबांच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि आपल्या गोल अक्षरात लिहिलं, "उशीर झाला आहे. तरी बघू."

आठवड्याने कार्यालयाने अर्ज परत पाठवला. शेरा होता, 'दुरुस्तीचा तपशील अपुरा, गल्ली कायम.' पोस्टमनने भरदुपारी बेल वाजवली, तर दार साहेबांनीच उघडलं. ते घरी होते.