बाळीवेशीत मुंबई लागली

सोलापूरच्या बाळीवेशीतल्या गुरुलिंगप्पा चादरवाल्यांनी रेडिओ घ्यायचं ठरवलं आणि पेटी घरात यायच्या आधीच अक्कलकोटला व्याह्यांकडे निरोप धाडला, "सोमवारी सिद्धेश्वराच्या दर्शनाला येताय, तवा आमच्यात बसून मुंबई ऐकून जावा."

निरोप गेला आणि गुरुलिंगप्पा स्वतःशीच हसले. गेली चार वर्षं अक्कलकोटला गेलं, की व्याही रेवणसिद्धप्पा त्यांना ग्रामोफोनपुढे दोन-दोन तास बसवत आणि दर तबकडीनंतर विचारत, "सोलापुरात असलं काय हाय का न्हाय?" लेक त्या घरी दिलेली, तेव्हा मान डोलवण्यावाचून इलाज नव्हता. आता डोलवायची पाळी व्याह्यांची होती.

पेटी आली. ती बसवायला मोटारगॅरेजातला येडू मिस्त्री आला, घराच्या धाब्यावर चढला आणि तोंड पाडून खाली उतरला.

"मालक, मुंबई लई लांब हाय. एरियलची तार पन्नास फूट तरी पायजे. तुमचं धाबं पुरत न्हाय. एक टोक शेजारी बांधावं लागंल."

शेजारचं धाबं मायाप्पांचं, आणि मायाप्पांशी गुरुलिंगप्पा सात वर्षं बोलत नव्हते. मायाप्पांच्या पन्हळाचं पाणी यांच्या चादरींच्या गठ्ठ्यावर पडलं, एवढंच निमित्त. पण जो आधी बोलेल तो हरला, असं दोघांनीही मनाशी पक्कं करून टाकलं होतं.

"जाऊन इचारा की," गुरुलिंगप्पांची बायको नीलम्मा म्हणाली. "तोंड काय झिजतंय का?"

"मुंबई ऐकायला मायाप्पाची परवानगी कशाला? त्यो बार्शीच्या बाजाराला गेलाय, मंगळवारी येतोय. सोमवारी ऐकू, मंगळवारी सकाळी तार काढू. कुणाला कळतंय?"

येडूने तार बांधली. सोमवारी सकाळी मायाप्पांची बायको बसव्वा धाब्यावर आली, तर या घरापासून त्या घरापर्यंत नवी कोरी तार! शेजाऱ्यांना देवाने अखेर सुबुद्धी दिली आणि दोन्ही घरांची कपडे वाळत घालायची सोय झाली, असं तिला वाटलं. तिने कौतुकाने ओलं लुगडं तारेवर पसरलं. मायाप्पा मात्र बाजार लवकर आटोपून त्याच संध्याकाळी घरी परतले, आणि तार बघून त्यांना वाटलं ते निराळंच. पन्हळापासून भिंतीपर्यंत सरळ ताणलेली तार! गुरुलिंगप्पाने कोर्टात जायचं ठरवलं आणि चोरून मोजणी केली, अशी त्यांची खात्रीच झाली.

तिकडे व्याही आले होते. सोप्यात गादीवर नवी चादर अंथरून त्यांना बसवलं होतं. पेटी पडद्याआड माजघरात होती, कारण जवळ माणसं बसली की आवाज बिघडतो, असं येडूने बजावलं होतं. गुरुलिंगप्पा आत गेले आणि त्यांनी खटका फिरवला. खर्रर्र झालं, एक लांबलचक शिट्टी झाली, कुणीतरी गाण्यासाठी घसा साफ केला आणि पेटी मुकी झाली.

मागच्या दारातून मायाप्पा आत आले. त्यांच्या हातात तुटकी तार होती.

"ही तार कुणाची?"

गुरुलिंगप्पा पेटी विसरले, व्याही विसरले. त्यांना सात वर्षांत एवढा आनंद झाला नव्हता.

"बोल्लास! आदी तू बोल्लास!"

"मी तारंला इचारलं, तुला न्हाय."

"तार बोलती व्हय? माझ्या चादरी भिजवल्या तवा का न्हाय बोल्लास?"

"पन्हळाखाली गठ्ठा ठेवणाऱ्याशी काय बोलायचं?"

"पन्हळ वाकडा कुणी बसवला? तुझ्या बापानं!"

"बापाचं नाव काढू नगं. त्यांनीच तुला पव्हायला शिकवलं."

"शिकवलं की! तळ्यात ढकलून शिकवलं!"

"मलाबी तसंच शिकवलं," मायाप्पा म्हणाले आणि त्यांना एकदम हसू फुटलं. गुरुलिंगप्पाही हसायला लागले. हसता हसता दोघांचे डोळे भरून आले, तरी पन्हळाचा मुद्दा काही कुणी सोडेना.

सोप्यात व्याही डोळे मिटून मान डोलवत होते. नीलम्मा चहा घेऊन आली.

"मुंबई किती स्वच्छ येती," ते म्हणाले. "आदी जरा खरखर झाली. आता मानसं आतल्या खोलीत बसल्यावानी वाटतंय."

नीलम्माने पडद्याकडे बघितलं, पदर सारखा केला आणि एवढंच म्हणाली, "व्हय."

थोड्या वेळाने गुरुलिंगप्पा घाम पुसत बाहेर आले. "पावनं, आज जरा..."

रेवणसिद्धप्पांनी त्यांचे दोन्ही हात धरले. "हरलो बगा. ह्याच्याम्होरं ग्रामोफोन काय न्हाय. काय भांडत्यात ते दोघं! त्यातल्या एकाचा आवाज तर थेट तुमच्यावानी हाय."

खरं सांगावं, असं गुरुलिंगप्पांच्या मनात आलं. मग चार वर्षांच्या तबकड्या आठवल्या.

"मुंबईत आपल्याकडची मानसं लई हायती," ते म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी मायाप्पांनी स्वतः धाब्यावर उभं राहून तार जोडून घेतली. आता ते रोज संध्याकाळी मुंबई ऐकायला येत, आणि ऐकण्यापेक्षा बोलतच जास्त. गुरुलिंगप्पांना त्याचं काहीच वाटत नसे. महिन्याभराने व्याह्यांचं कार्ड आलं.

"आम्हीही पेटी आणली. तुमच्याहून मोठी आहे. गाणी येतात, भाषणे येतात, बाजारभाव येतात. परंतु ते पन्हळवाले दोघे काही केल्या लागत नाहीत. काटा नक्की कुठे ठेवायचा, ते उलट टपाली कळवावे."