वास नसलेली गाडी

जुनी गाडी बघायला गेल्यावर लोक आधी बॉनेट उघडतात. आमचे खेडेकरकाका दार उघडतात, डोळे मिटतात आणि सीटला नाक लावतात.

डोंबिवलीत काकांचं दार माझ्या दारासमोर. घोडबंदर रोडच्या एका कंपनीत त्यांनी उभा जन्म साहेबांची गाडी चालवली. निवृत्त झाल्यावर स्वतःसाठी एखादी स्वस्तातली, जुनी गाडी घ्यायचं त्यांच्या मनाने घेतलं आणि सोबतीला मला धरलं. माझे रविवार असे कारणी लागले.

माजिवड्याच्या विक्रेत्याने चकचकीत गाडी पुढे केली. काकांनी नाक आत घातलं आणि लगेच बाहेर काढलं.

"वास आला. बाद!"

"काका, परफ्यूम मारलाय! इंजिन तर बघा, एकदम मक्खन!"

"इंजिन दुरुस्त होतं रे. वास जात नाही."

पुढच्या गाडीला सिगारेटचा, त्यापुढच्या गाडीला कुत्र्याचा. एकीला सुकटीचा होता, तो मात्र मलाही आला.

शेवटी मी वैतागलो. "काका, गाडी घ्यायचीय की अत्तर?"

काकांनी गाडीचं दार हळूच लावलं. मग म्हणाले, "अरे, तुझ्या काकूला गाडी लागते."

काकूंचं माहेर गुहागरच्या पुढे. गाडीतला वास आला की कल्याण फाट्यालाच त्यांच्या पोटात ढवळतं, त्यामुळे माहेरी जाणं कित्येक वर्षांत घडलेलं नाही. तिकडे थोरली बहीण आता अंथरुणाला खिळलीय. फोनवर सारखी विचारते, "कधी येतेस गं?" काकू म्हणतात, "येते हं." आणि फोन ठेवून बराच वेळ खिडकीत उभ्या राहतात.

मग मानपाड्याला एका मास्तरांची गाडी सापडली. आंब्याखाली काचा उघड्या ठेवून उभी असायची. काकांनी लांब श्वास घेतला. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा फुलला.

"कशाचाच नाही रे!"

माझ्या ओळखीच्या मेकॅनिकने इंजिन ऐकून मान हलवली. "घाटात जीव सोडेल. इंजिन खोलावंच लागेल. नका घेऊ." मीही तेच सांगितलं. काका सीटवरून हात फिरवत राहिले आणि गाडी घेऊन टाकली.

आता मेकॅनिक रोज 'उद्या खोलतो' म्हणतोय. "तोवर तुझ्या काकूला सीटची सवय लावतो," असं काका मला म्हणाले होते. मी हसून सोडून दिलं.

काल संध्याकाळी इंजिनाचं विचारायला खाली गेलो. गाडी जागच्या जागी, बंद. काचा उघड्या. काका स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेले, शेजारी काकू, डोळे मिटून. मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी, घडी न मोडलेली. काका हलक्या आवाजात सांगत होते, "माणगाव गेलं हं. आता महाड. वारा लागतोय ना? हे बघ, खेडही मागे पडलं."

मी खिडकीशी वाकलो. "काका, इंजिनाचं..."

काकांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू. झोप लागलीय तिला. परशुराम घाट उतरेपर्यंत उठवू नकोस."