टीव्हीतल्या शेतीचं भूसंपादन

यंत्रांची दुरुस्ती हा सुनिलच्या डाव्या हातचा मळ होता. असं सुनिल स्वतः म्हणायचा. त्याच्या बायकोचं, शीतलचं, मत वेगळं होतं. पण त्यानं दुरुस्त केलेल्या मिक्सरचं झाकण ती अजून हातानं दाबून धरते, तेव्हा तिचं मत कलुषित आहे असं समजून आपण बाजूला ठेवू.

दिवसा हा गडी मुरबाडच्या एका कारखान्यात मशीनवर असे. संध्याकाळी सिद्धगडाच्या पायथ्याशी आपल्या वाडीत आला की टीव्हीला जोडलेल्या गेमच्या डब्यात त्याचा जीव अडकलेला असे. डबा कल्याणहून जुना घेतलेला आणि वाकडा. वाकडा म्हणजे, आत कुणीतरी हात घालून सगळे गेम फुकट चालतील अशी सोय केलेली. मेख एवढीच होती की हा डबा नेटला जोडला, की कंपनी लबाडी ओळखून त्याला कायमचा वाळीत टाकणार. म्हणून सुनिल घरातल्या घरात फुटबॉल खेळे आणि घरातल्या घरात जिंके.

शीतलचा भाऊ हरेश बदलापूरला राहतो. त्याचा डबा सरळमार्गी. एका हळदीच्या मांडवात, भर पाहुण्यांत, तो म्हणाला, “दाजी, तुमी चॅम्पियनच. एकटा खेळणारा कसा हरंल?”

मांडव हसला. मेहुणा हसला ते एक वेळ चाललं असतं, पण पंगतीत वाढणारीसुद्धा हसली.

“रविवारी दुपारी ऑनलाइन ये,” सुनिल म्हणाला. “डबा पार कोरा करतो. नव्यासारखा. माझ्यासाठी ते काम म्हणजे काय, चहा होईपर्यंतचं.”

अडचण एकच होती, आणि ती त्याची आई होती.

लहानीबाई उन्हाळ्यात विहिरीच्या पायरीवरून घसरली. गुडघा असा दुखावला की डॉक्टरांनी यंदा चिखलात पाय टाकायचा नाही म्हणून बजावलं. जन्मभर जिनं एक आवणी चुकवली नव्हती, ती भाताची रोपं लावायच्या दिवसांत ओटीवर बसून दुसऱ्यांच्या खाचरांकडे बघायची. बघवत नसे. शेवटी शीतलनं तिला डब्यातला शेतीचा एक गेम लावून दिला.

पहिल्या दिवशी म्हातारी भडकली. “राब न भाजताच पेरतात? पाला जाळला नाय, जमीन भाजली नाय, आता तण माजंल नाय तर काय?” तण माजलं. मग तिनं ते उपटलं, विहीर खोदली, बैल घेतला. शेजारच्या ताराबाई आणि हौसा तिच्या मदतीला यायला लागल्या. सावडीनंच बरं का. आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या. लहानीचा गुडघा बरा झाला की ती फेडणार होती. तोवर दोघी पाळीपाळीनं रिमोट धरून तिच्या शेताला पाणी द्यायच्या आणि बांधावरून भांडायच्याही.

टीव्हीतला भात आता कापणीला आला होता.

“तुला डब्याचं काय करायचं ते कर,” लहानीबाईनं सांगून ठेवलं. “माझ्या शेताला हात लावू नको.”

“आई, शेत पेन ड्राइव्हवर काढून ठेवतो. डबा कोरा केला की परत आत. एक लोंबी सांडणार नाय.”

शनिवारी सुनिलनं शेत पेन ड्राइव्हवर काढलं आणि काम हाती घेतलं. विकणाऱ्यानं एक मेमरी कार्ड दिलं होतं, त्यात डबा वाकडा होण्याआधीची त्याची नक्कल होती. ती आत भरली, की मधलं सगळं डबा विसरणार. तसंच झालं. डबा विसरला. नेटला जोडला, कंपनीनं काही हरकत घेतली नाही, आणि पडद्यावर हरेशचं नाव हिरवं चमकलं. सुनिलला आनंदानं ठसका लागला. त्यानं कारखान्यातल्या मित्राकडून आणलेली फुटबॉलची अस्सल डिस्क लावली आणि मग पेन ड्राइव्ह खोचला.

डब्यानं शेत घेतलं नाही. वाकड्या डब्यात पिकलेलं सरळ डब्याला चालेना. पुन्हा खोचला, फुंकर मारून खोचला, उलटा खोचून पाहिला. नाही म्हणजे नाही. डबा पुन्हा वाकडा करावा, तर ती विद्या कल्याणवाल्याकडे, आणि तो फोन उचलेना.

एवढ्यात दारात आई, मागे ताराबाई, तिच्या मागे हौसा. तिघींनी पदर खोचलेले.

“चल रे, लाव. कापणी हाय आज.”

“लाइट नाय,” सुनिल म्हणाला.

तिघींनी वर गरगरणाऱ्या पंख्याकडे पाहिलं.

सुनिलला घाम फुटला. आणि घाम फुटलेल्या माणसाच्या तोंडून आधी बाहेर पडतं ते त्याच्या गावात सर्वांत जास्त ऐकलेलं वाक्य. “आई, तुझी जमीन गेली. रस्त्यात.”

दुसऱ्या कुठल्या मुलखात असं कुणी म्हणालं असतं, तर लोकांनी त्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला असता. पण शहापूर-मुरबाडकडं जमीन जायची म्हटली की रस्त्यात नाही तर धरणात जाते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हातारी मटकन खाली बसली.

“सगळी?”

“सगळी.”

“उभ्या पिकासकट?” ताराबाई म्हणाली. “असं कसं? थांब गो लहाने, कुंडलिकभाऊला आणते.”

कुंडलिकभाऊ म्हणजे गेलेल्या जमिनींसाठी भांडणारा माणूस. कुणाची जमीन जातेय असं कानावर आलं, की त्याचे पाय आपोआप चपलेत जातात. तो आला तो वाटेत भेटलेली पाच-सात माणसं घेऊनच. कुणाची जमीन, कुठली जमीन, हे विचारायला कुणाला सवड नव्हती.

“नोटीस आली व्हती?”

“नाय,” सुनिल म्हणाला. ते मात्र खरं होतं.

“मोजणी?”

“नाय.”

“सह्या कुणाच्या घेतल्या? दाखव मला, जागेवर जाऊन बघतो.”

“जागा त्या टीव्हीत हाय,” हौसा म्हणाली.

कुंडलिकभाऊनं टीव्हीकडं पाहिलं. त्यावर फुटबॉलचं मैदान होतं, हिरवंगार, पांढऱ्या रेघा मारलेलं.

“रस्ता कुठंय?” तो म्हणाला. “हितं तर मैदान केलंय.”

मग सुनिलला सगळं सांगावं लागलं. मांडवातला हरेश, कोरा डबा, न उघडणारं शेत. शीतल दारातून ऐकत होती, तिनं तेवढं “चहा झाला,” असं म्हटलं.

लहानीबाई रागावली नाही, आणि तेच वाईट होतं. “यंदा चिखलात उतरली नाय रे मी,” ती म्हणाली. “तेवढंच शेत व्हतं.”

सुनिलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चारचौघांत हरेशनं केलेला अपमान त्यापुढं काहीच नव्हता.

कुंडलिकभाऊनं घसा साफ केला. आयुष्यात पहिल्यांदाच जमीन घेणारा त्याच्यासमोर हजर होता, आणि तोही एकटा. ही संधी तो सोडणार नव्हता. “जमिनीला जमीन,” तो म्हणाला. “म्हातारीला त्याच डब्यात शेत द्यायचं. आणि ह्या दोघींची सावड बुडाली, ती तू फेडायची. चिखलात. उद्या.”

“उद्या मॅच हाय, भाऊ.”

“उद्या,” ताराबाई म्हणाली.

रविवारी दुपारी सुनिल ताराबाईच्या खाचरात गुडघाभर चिखलात वाकून रोपं खोचत होता. त्याची रांग नागमोडी जात होती आणि हौसा बांधावरून तिला नावं ठेवत होती. घरी शीतलनं तोच गेम रीतसर विकत घेऊन सासूला लावून दिला होता. डबा आता सरळमार्गी, त्यामुळे नेटवरूनही कुणाला शेतावर बोलावता येतं, हे तिनंच सासूला समजावलं होतं.

सुनिलचा फोन वाजला. चिखलाच्या हातानं त्यानं तो कसाबसा कानाला लावला. पलीकडे हरेश होता आणि अगदी हळू बोलत होता.

“दाजी, मॅच राहू द्या. मी ऑनलाइन आलो तशी तुमच्या आईनं मला शेतावर घेतलं. मघापासून दगड वेचतोय. कधी सोडतात हो?”

सुनिलनं कंबर सरळ करून उरलेल्या खाचराकडं पाहिलं.

“मला पण नाय सोडलं अजून,” तो म्हणाला.