तिसऱ्या वळणावरचे सासरे

आमच्या गावात दरवर्षी मोटारींची शर्यत होते, आणि दरवर्षी ती पूर्वीसारखी होत नाही. या दोन्ही गोष्टी इतकी वर्षं अखंड चालू आहेत की एकीशिवाय दुसरी कशी दिसेल, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. शर्यत समितीने दुसऱ्या गोष्टीची गंभीर दखल घेतली आणि एक स्वतंत्र कक्ष स्थापन केला. त्याचं नाव प्रेक्षक भावना कक्ष. कक्षात एक टेबल, एक पंखा आणि मी असे तिघे आहोत. टेबल मंडपवाल्याचं आहे, मी तेव्हा हंगामी होतो, पंखा तेवढा कायम आहे.

कक्ष गॅरेजच्या माळ्यावर आहे. खाली मिस्त्री इंजिन तापवून बघायला लागले की टेबल आपोआप दाराकडे सरकतं, आणि त्याच्यामागून खुर्ची घेऊन मी सरकतो. प्रेक्षकांच्या भावना ऐकायच्या, समितीपर्यंत पोचवायच्या आणि झालेली कार्यवाही प्रेक्षकांना कळवायची, हे माझं काम. अडचण एवढीच, की कार्यवाही होईपर्यंत भावना बदललेली असते.

एके वर्षी प्रेक्षक म्हणाले, गाड्यांच्या आवाजाने कानठळ्या बसतात. समितीने आवाज दाबला. पुढच्या वर्षी तेच प्रेक्षक म्हणाले, आवाज नाही तर शर्यत कसली, ही तर अंत्ययात्रा झाली. मग समितीने कर्णे लावून जुना आवाज वाजवला, तर तक्रार आली की आवाज आधी येतो आणि गाडी मागून. गाड्या इतक्या वेगात जातात की दिसत नाहीत, असं म्हणाले म्हणून वेग कमी केला. त्यावर म्हणाले, आता दिसतात, पण त्यात बघण्यासारखं काय आहे? इतकं सगळं असूनही शर्यतीच्या दिवशी एकही खुर्ची रिकामी नसे. न येणाऱ्याला नावं ठेवायचा हक्क राहत नाही, आणि तो कोणालाच गमवायचा नव्हता.

शर्यतीची एक परंपरा आहे. बक्षीस समारंभ उरकला की सर्वांत जुन्या प्रेक्षकाला मंचावर बोलावतात आणि माईक हातात देऊन विचारतात, यंदा कशी वाटली शर्यत? ते घसा खाकरतात आणि म्हणतात, "पूर्वीसारखी मजा राहिली नाही." यावर जो टाळ्यांचा कडकडाट होतो, तो विजेत्याच्या नशिबी कधी आलेला नाही. विजेता करंडक काखेत मारून स्वतःही टाळ्या वाजवतो. मग लोक समाधानाने घरी जातात आणि ते वाक्य वर्षभर पुरवून वापरतात.

हे सर्वांत जुने प्रेक्षक म्हणजे माझे सासरे. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले, अंगापिंडाने भारदस्त, बोलायला जपून. तिसऱ्या वळणावर पहिल्या रांगेतली कोपऱ्यातली खुर्ची त्यांची. आमच्या लग्नात पंगत उठल्यावर कोणीतरी त्यांना विचारलं, कसं झालं कार्य? ते म्हणाले, "ठीक." बायको अजून सांगते, बाबांच्या तोंडून निघालेलं ते सर्वांत मोठं कौतुक होतं.

एका वर्षी मात्र या परंपरेवर संकट आलं. शर्यतीचा खर्च उचलणाऱ्या टायर कंपनीच्या साहेबांनी समितीच्या अध्यक्षांना फोन केला. मंचामागे एवढं मोठं आमचं नाव, आणि त्याच्यासमोर उभं राहून एक म्हातारा दरवर्षी सांगतो की मजा नाही. लोकांना वाटतं, टायरमध्येच मजा नाही. यंदा तो म्हातारा "मजा आली" म्हणाला तर पुढचं बोलू, नाहीतर ही शेवटची शर्यत समजा.

अध्यक्ष मूळचे दातांचे डॉक्टर. समोरच्याच्या तोंडात हत्यार असतानाच त्याला प्रश्न विचारायचा आणि जो काही आवाज निघेल तो होकार समजायचा, ही त्यांची सवय. समितीचे सगळे ठराव याच पद्धतीने एकमताने होतात. त्यांनी मला दवाखान्यातच बोलावून घेतलं.

"माणूस तुमच्या घरातला आहे," ते म्हणाले. "त्यांनी 'मजा आली' म्हटलं, तर तुम्हाला कायम करतो. नाही म्हटलं, तर शर्यत बंद आणि कक्षही बंद."

"आणि पंखा?" मी विचारलं.

"पंखा कायम आहे," अध्यक्ष म्हणाले.

मी तडक निघालो. घरी येऊन बायकोला सांगितलं की बाबांनी फक्त दोन शब्द बोलायचे आहेत, त्यांना तू समजाव. ती म्हणाली, बाबा आजवर खोटं बोललेले नाहीत, आणि आपण राहतो ते घर त्यांचं आहे, एवढं लक्षात ठेवून काय ते ठरव. तेव्हा एकच सरळ मार्ग उरला. बाबांना खरोखरच मजा आणायची.

रात्री जेवताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, पूर्वी नेमकी कशात मजा होती? बाबांनी बराच विचार केला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "धूर."

दुसऱ्याच दिवशी समितीने धुराला तत्त्वतः मंजुरी दिली. मिस्त्रींनी इंजिनात काहीतरी उलटंसुलटं केलं आणि गाडी चुलीसारखी धुमसू लागली. लगेच पहिल्या वळणावरच्या प्रेक्षकांचं शिष्टमंडळ खोकतच माझ्याकडे आलं. त्यांच्या आठवणीतली शर्यत स्वच्छ होती. मग तोडगा निघाला, की धूर फक्त तिसऱ्या वळणावर सोडावा आणि इतरत्र गाडीने तो धरून ठेवावा.

पुढच्या जेवणाला बाबा म्हणाले, पूर्वी गाड्या बंद पडायच्या. त्यांना हे म्हणताना पहिल्यांदा बरं वाटलेलं दिसलं, म्हणून मी सुटलोच. प्रत्येक गाडीने प्रत्येक फेरीत एकदा बंद पडलंच पाहिजे, असा नियम झाला. चालकांनी आधी कपाळाला हात लावला. पण सलग कित्येक वर्षं जिंकणारा आमचा लाडका चालक, ज्याला सगळे वादळ म्हणतात, तो शिस्तीचा माणूस. त्याने एवढंच विचारलं की बंद कुठे पडायचं, आणि दुसऱ्या दिवसापासून बंद पडण्याचा सराव सुरू केला. आठवडाभरात तो इतका सफाईने बंद पडू लागला की बाकीचे त्याच्यावर जळू लागले.

एका वळणाला पूर्वीची मजा मिळते म्हटल्यावर बाकीची वळणं गप्प बसतात होय? प्रत्येकाचं 'पूर्वी' वेगळं निघालं. दुसऱ्या वळणावरच्यांना चिखल हवा होता. चौथ्याला शिट्टी वाजवणारा एक ठेंगणा पंच हवा होता. पाचव्या वळणावर सगळी कोवळी पोरं. त्यांचं 'पूर्वी' म्हणजे गेल्या वर्षीच्या आदल्या वर्षीचं, आणि तेव्हा म्हणे पोपटाचा पोशाख घालून एक माणूस नाचायचा. समितीने सगळ्यांना होकार दिला, म्हणजे अध्यक्षांनी विचारलं आणि कोणाच्या तरी तोंडून आवाज निघाला. आता प्रत्येक गाडीने पहिल्या वळणावर स्वच्छ, दुसऱ्यावर चिखलाने माखलेलं, तिसऱ्यावर धुमसत बंद पडलेलं आणि चौथ्यावर पंचाला घाबरलेलं असायला हवं होतं. मिस्त्री माळ्यावर येऊन म्हणाले, "साहेब, ही गाडी आहे. नाटकात चार भूमिका करणारा नट नाही." मी त्यांची भावना समितीकडे पाठवली.

शर्यतीचा दिवस उजाडला. झेंडा खाली आला आणि सगळं ठरल्याप्रमाणे झालं, हेच मोठं दुर्दैव. गाड्या पहिल्या वळणावरून झळाळत गेल्या, दुसऱ्यावर चिखलात रुतल्या, त्यांना काढायला गेलेला ट्रॅक्टरही रुतला. पोपट नाचत चौथ्या वळणापर्यंत आला, उन्हाने घेरी येऊन पंचाच्या अंगावर पडला आणि पंचाने शिट्टी गिळली. तासाभराने वादळ एकटा तिसऱ्या वळणावर पोचला, धूर सोडला आणि बरोबर बाबांच्या समोर इतक्या सुंदर रीतीने बंद पडला की मला भरून आलं. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी रुमालाने डोळे पुसले, नाक पुसलं आणि ते उठून चालू लागले.

मी मागोमाग धावलो. बाबा मैदानाच्या मागच्या फाटकातून बाहेर पडले, मुतारीला वळसा घालून एका जुन्या विटांच्या भिंतीपाशी गेले आणि भिंतीला पाठ लावून उभे राहिले. पलीकडून कर्ण्यांचा आवाज येत होता.

"बाबा, धूर कमी पडला का?" मी विचारलं.

"जावईबापू," ते म्हणाले, "आम्हाला कुठलं आलंय तिकीट त्या काळी? आम्ही इथं असायचो. मी आणि काडी."

काडी म्हणजे त्यांचा बालमित्र, नावाप्रमाणे सडपातळ. बाबा तेव्हाही भारदस्तच, त्यामुळे बाबा खाली आणि काडी त्यांच्या खांद्यावर, अशी वाटणी झालेली. काडीला भिंतीपलीकडचं दिसायचं आणि तो खाली सांगायचा. बाबांना विटा दिसायच्या.

"मला एकही शर्यत दिसली नाही," बाबा म्हणाले. "काडीचे पाय थरथरले की समजायचं, गाडी आली. काय काय सांगायचा तो. एकदा दोन गाड्या हवेत उडाल्या आणि खाली येताना त्यांची चाकं अदलाबदल झाली. एकदा चालक बाहेर पडला, गाडीमागून धावला आणि गाडीच्या आधी पोचला. पुढं नोकरी लागली, तिकीट काढून आत बसलो, तेव्हा कळलं की काडी एक नंबरचा थापाड्या. तेव्हापासून मजाच राहिली नाही."

काडी आता कुठे असतात, असं मी विचारलं, आणि विचारताच वाईट वाटलं. बाबांनी भिंतीच्या विटांवरून हात फिरवला.

भिंतीला लागून तेलाचं एक रिकामं पिंप आडोशाला पडलं होतं. मी ते उभं केलं आणि चढलो. नोकरी, घर, शर्यत, सगळं डोक्यात होतंच, पण खरं सांगतो, त्या क्षणी मला बाबांची दया आली. पिंप डुगडुगत होतं. बाबांनी खालून माझा घोटा घट्ट धरला.

"काय चाललंय?" त्यांनी विचारलं.

आत सगळ्या गाड्या बंद होत्या. वादळची गाडी मिस्त्री एकटेच ढकलत होते आणि त्यांच्या बाजूने पोपटाला स्ट्रेचरवरून नेत होते. पोपट पुढे होता.

"वादळ सुसाट सुटलाय, बाबा," मी म्हणालो. "पण मागून एक हिरवी गाडी येतेय. कोणाची आहे कोणास ठाऊक, यादीतच नव्हती. पंच मधे आलाय. पंचाला घेतलं टपावर. आता पंच टपावरूनच शिट्टी वाजवतोय."

पिंप हललं, माझे पाय लटपटले आणि बाबांच्या हाताची पकड आवळली. मग मला आवरता येईना. मी हिरव्या गाडीला ट्रॅक्टरवरून उडी मारायला लावली, वादळला एका हाताने चाक बदलायला लावलं, शेवटी दोघांना रेषेपाशी नाकाला नाक लावून आणलं आणि कोण जिंकलं ते सांगायच्या आधी पिंपावरून पडलो. बाबांनी मला उचललं. त्यांना आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

समारंभात ते मंचावर चढले, घसा खाकरला आणि म्हणाले, "मजा आली."

मैदान चिडीचूप झालं. टायरवाले साहेब तेवढे टाळ्या वाजवत राहिले. मग मागून कोणीतरी म्हणालं की म्हातारा फितला. दुसरा म्हणाला, पूर्वी हा माणूस काय बोलायचा. लोक मला जाब विचारायला माळ्यावर आले तेव्हा मी जे घडलं ते सांगितलं, की बाबा आत नव्हतेच, भिंतीबाहेर होते. मग एकाने हळूच विचारलं, पुढच्या वर्षी भिंतीबाहेरची जागा मिळेल का?

पुढच्या वर्षी सगळं गाव भिंतीबाहेर होतं. बाहेरचं तिकीट आतल्यापेक्षा महाग ठेवावं लागलं. काही उंच प्रेक्षक टाचा वर करून आत डोकावत आणि इतरांची मजा घालवत, म्हणून समितीने भिंत वाढवली. मला कायम करून पिंपावर नेमलं आणि हातात माईक दिला. पुढे अध्यक्षांच्या लक्षात आलं की आत धावणाऱ्या गाड्या कोणीच बघत नाही, तेव्हा गाड्या बंद करण्यात आल्या. वादळ आता पहिल्या रांगेत बसून आपण कसे जिंकलो ते ऐकतो. मागच्या वेळी मी त्याला हरवलं, तेव्हा त्याने समितीकडे रीतसर दाद मागितली. बाबा पिंपाशी उभे राहून माझा घोटा धरतात. अलीकडे काही लोक म्हणू लागलेत की पूर्वी पिंप जास्त डुगडुगायचं, आणि समितीने मिस्त्रींना त्याचं बूड वाकडं करायला सांगितलंय.

तुमच्या मनात येत असेल, इतक्या मोठ्या माणसांनी न दिसलेल्या शर्यतीवर विश्वास कसा ठेवला. पण तो पोपट, तो ट्रॅक्टर, ती गिळलेली शिट्टी, यातलं तुम्ही तरी काय पाहिलंत? इतका वेळ तुम्हीही भिंतीच्या अलीकडेच उभे होतात, आणि पिंपावर मी होतो. मजा आली का, तेवढं जाताना कक्षाला कळवा. पूर्वीसारखी आली नसेल, तर उत्तम. पुढच्या वर्षी तुमची जागा राखून ठेवतो.