झुंजाररावांची परदेशी गाडी

बाळांनो, जरा सरकून बसा, मागच्यांनाही ऐकू येऊ दे. एका जंगलात एक बिबट्या राहायचा. आपण त्यांना झुंजारराव म्हणू, कारण त्यांच्याशी एकेरीत बोलायची कोणाची छाती नव्हती.

तरुणपणी झुंजारराव वाऱ्यासारखे पळायचे. पण गेल्या उन्हाळ्यात एक भेकर त्यांच्या पुढ्यातून निसटलं. निसटलं ते निसटलं, वर टेकाडावर थांबून त्याने मायेने विचारलं, "दमलात का काका?"

ते 'काका' झुंजाररावांच्या जिव्हारी लागलं.

समुद्रापलीकडे एक चित्ता होता. तो साध्या गाड्या घेऊन त्यांच्या इंजिनाची ताकद वाढवायचा, चाकं रुंद करायचा, गाडी जमिनीलगत आणायचा आणि तिला डरकाळी बसवून द्यायचा. झुंजाररावांनी तसलीच एक गाडी मागवली. त्यांच्या पत्नी केतकीबाई म्हणाल्या, गुडघ्यांना तेल लावून पाहू. पण त्यांचं ऐकतो कोण?

गाडी बंदरात उतरली. तिथले तपासणीचे साहेब होते पाणमांजर. फार सभ्य. त्यांनी गाडीभोवती फेरी मारली आणि हळहळत सांगितलं की, एवढ्या आवाजाने पक्षिणी अंड्यांवरून उठतील. डरकाळी निघाली. रुंद चाकांखाली मुंग्यांच्या रांगा सापडतील म्हणून ती निघून बारीक चाकं बसली. इंजिनाला बैलाच्या चालीचं बंधन आलं.

"साहेब, मग उरलं काय?" झुंजाररावांनी विचारलं.

"रंग," साहेब म्हणाले. "रंग खरंच सुरेख आहे."

गाडीचा बुटकेपणाही तेवढा राहिला, कारण त्याबद्दल नियमच नव्हता. त्यामुळे जंगलातल्या पहिल्याच वारुळावर ती टेकली. शेवटी हत्तींनी ढकलत गुहेपर्यंत आणली.

झुंजारराव तोंड लपवून आत बसले. आता सगळं जंगल हसणार, या धास्तीने त्यांना घास जाईना.

सकाळी बाहेर पाहतात तो काय, दारात चितळांचा अख्खा कळप उभा! कोणी बॉनेटवर हात फिरवतंय, कोणी आरशात शिंगं न्याहाळतंय. कळपातली थोरली चितळीण शेवंता हिने अदबीने विचारलं, "ॲव्हरेज किती देते हो?"

झुंजाररावांची छाती फुगली. त्यांनी मूळ इंजिनाची ताकद सांगितली. काढलेल्या डरकाळीचा आवाज तोंडाने काढून दाखवला. चितळांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी रानडुकरं आली, नंतर नीलगायी. झुंजारराव दिवसभर सांगत राहिले.

केतकीबाईंना राहवेना. त्यांनी नवऱ्याला बाजूला घेतलं. "अहो, जेवण दारात चालत आलंय. चुलीला सुट्टी किती दिवस?"

"हळू बोल," झुंजारराव कुजबुजले. "पाहुणे आहेत. शेवंताताईंना पुढच्या सीटवर बसायचंय."

त्यांनी शेवंताताईंना बसवलं, पट्टा नीट लावून दिला आणि अंगणात एक चक्कर मारून आणली. उतरताना दार स्वतः उघडलं. पोटात कावळे ओरडत होते, पण एवढं समाधान त्यांना कुठल्या शिकारीत मिळालं नव्हतं.

केतकीबाई एकट्याच शिकारीला निघाल्या.

तात्पर्य: परदेशी गाडीने जंगलात शांतता नांदते. तेव्हा हरणांनो, पळायचा सराव सोडा आणि वर्गणी काढून प्रत्येक बिबट्याला एकेक गाडी आणून द्या. बिबटिणींना मात्र गाड्यांची आवड कशी लावायची, ते तेवढं बघा.