बाईंचं बोट

बाईंनी शेवटची उत्तरपत्रिका तपासली, गुणांची बेरीज केली आणि कपाळाला हात लावला. याही पठ्ठ्याला साठ! पहिल्याला साठ, शेवटच्याला साठ आणि मधल्या यच्चयावत कामगारांना साठ. शाळेत असताना बाईंनी कॉपी पुष्कळ पकडली होती. पण कॉपी करणाऱ्यांच्या चुकाही सारख्याच असतात, आणि इथे प्रत्येकाने आपापली वेगळी चूक केली होती. कुणाचा गुणाकार गेला होता, कुणाचा भागाकार. बेरीज मात्र सगळ्यांची साठावर येऊन थांबत होती.

ही शाळा नव्हती, पंपांचा कारखाना होता. बाईंची शाळा शिक्षणातल्या सुधारणेत गेली. सुधारणा इतकी जोरात झाली की शाळाच उरली नाही. मुलं मोठ्या शाळेत गेली, बाक भंगारात गेले आणि बाई घरी बसल्या. त्याच सुमारास कारखान्यात पडद्यावर आकडे दाखवणारी नवी यंत्रं आली. हाताच्या अंदाजावर जन्म काढलेल्या माणसांना आता दशांश अपूर्णांक यायला हवे होते. म्हणून कंपनीने कॅन्टीनच्या वरच्या खोलीत वर्ग काढला, भंगारातून ते बाक उचलले आणि बाकांबरोबर बाईंनाही घेतलं. बाकांत गुडघे मावत नाहीत म्हणून सगळा वर्ग तिरका बसायचा.

बाईंना घेतलं होतं ते करारावर, आणि करार पुढे वाढणार की नाही ते या परीक्षेवर ठरायचं होतं. घरी नवऱ्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं खरं, पण लोक आता वेळ फोनवर बघत. नवरा रोज दुकान उघडायचा, स्वतःचीच घड्याळं पुसायचा आणि संध्याकाळी बंद करायचा. म्हणजे घर चालायचं ते बाईंच्या पगारावर. आणि साठ म्हणजे काठावर पास. कामगार अधिकारी साहेबांनी निकाल बघून सांगून टाकलं, की असल्या निकालावर करार वाढवायची शिफारस मी कुठल्या तोंडाने करू?

बाई तडक संघटनेच्या अध्यक्षांकडे गेल्या. अध्यक्ष म्हणजे लेथवरचा जुना गडी, वर्गातही पहिल्या बाकावर बसणारा. त्यांनी हात पुसत, अगदी सरळपणे सगळं कबूल केलं. कारखान्यात ठरल्यापेक्षा जास्त नग कुणी काढत नाही. एकाने हौसेने जास्त काढले, की दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांना तेवढेच काढावे लागतात. तेव्हा परीक्षा जाहीर झाली त्याच दिवशी सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं: पास व्हायला साठ लागतात ना, मग साठ.

"अहो, पण हे गुण आहेत. पंप नव्हेत," बाई म्हणाल्या.

"साहेबांच्या हातात पडला की आकडा तो आकडाच, बाई. आज शंभर दिले तर उद्या शंभराला पास म्हणतील."

बाईंना राग आला आणि रागाच्या मधेच काहीतरी लख्खकन लक्षात आलं. बरोब्बर साठ पाडायला आधी सगळा पेपर यावा लागतो! म्हणजे झाडून सगळ्यांना सगळं येत होतं. त्यांना इतका आनंद झाला की रागवायला आल्या होत्या हेच त्या विसरल्या. मग घर आठवलं, दुकान आठवलं, डोळे भरून आले आणि त्यांनी कराराची गोष्ट सांगून टाकली.

अध्यक्षांनी हात पुसायचं फडकं खांद्यावर टाकलं. "हे आधी बोलायचं नाही का?" एवढंच म्हणाले.

दुपारच्या सुट्टीत सभा भरली. बाईंसाठी, फक्त एकदा आणि यातून पुढे कसलाही पायंडा पडणार नाही या अटीवर, पूर्ण गुण मिळवण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. साहेबांकडून फेरपरीक्षा मागून घेतली आणि पोरं, म्हणजे पन्नाशीची पोरं, अशी तुटून पडली की बाईंचं लाल पेन टोपणातून निघालंच नाही. सगळ्यांना शंभर. लहानपणीच शाळा सुटलेल्या फिटरकाकांनी आपला पेपर घरी नेऊन काचेत बसवला आणि त्यांच्या बायकोने तो शेजारणीला बोलावून दाखवला.

साहेब तर हरखूनच गेले. त्यांनी बाईंना समोर बसवलं, चहा मागवला आणि तोंड भरून कौतुक केलं. इतक्या थोड्या दिवसांत सगळीच माणसं तयार केलीत, कमाल आहे तुमची. मग चहाचा शेवटचा घोट घेत म्हणाले, "म्हणजे आता वर्गाची गरजच राहिली नाही. एक तारखेपासून तुम्ही मोकळ्या."

बाई जिना कशा उतरल्या ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. खाली अध्यक्ष उभेच होते. त्यांनी बाईंचा चेहरा वाचला आणि मान हलवली. काम झटपट उरकलं की काम जातं, हे त्यांना कुणी शाळेत शिकवलेलं नव्हतं, पण पाठ होतं.

अध्यक्ष हार मानणारे नव्हेत. साहेबांना गाठून त्यांनी हात जोडले, की साहेब, ते शंभर नुसत्या घोकंपट्टीचे. तोंडपाठ होतं ते पेपरात ओतलं. दोन आठवड्यांनी पुन्हा परीक्षा घ्या, कुणाला काही आठवलं तर मिशी काढून ठेवीन. साहेबांना आपल्या निकालाचा अभिमान, त्यांनी ताबडतोब हो म्हटलं. इकडे दुसरा ठराव झाला: सगळ्यांनी नापास व्हायचं. वर्ग चालू राहिला की बाई राहिल्या.

बाईंनी आधी साफ नकार दिला. ही लबाडी आहे म्हणाल्या. पण त्या रात्री नवऱ्याने दुकान भाड्याने द्यावं म्हणतो असं इतक्या हळू आवाजात सांगितलं, की सकाळी येऊन त्या अध्यक्षांना म्हणाल्या, "मी खिडकीबाहेर बघत बसेन."

परीक्षेला सुरुवात झाली आणि बाई खिडकीबाहेर बघू लागल्या. पाच-दहा मिनिटं बघितलंही. पण जित्याची खोड! पाय आपोआप बाकांमधून चालू लागले. डोळ्यांसमोरून चुकाच चुका जात होत्या. त्यांच्याच माणसांनी, त्यांनीच शिकवलेली गणितं अशी चुकवली होती. फिटरकाकांपाशी त्या थांबल्या. काकांनी दशांशचिन्ह दोन घरं अलीकडे टाकलं होतं. बाईंचं बोट आपसूक खाली गेलं आणि त्या आकड्यावर टेकलं.

"पुन्हा बघा."

काकांनी वर पाहिलं. "बाई, मुद्दाम चुकवलंय," ते कुजबुजले.

"मुद्दाम चुकवलं म्हणून काय बरोबर होतं का? खोडा ते."

काकांनी खोडलं. त्यांनाही ते टोचतच होतं. काचेतला पेपर असताना असं लिहायला हात जड व्हायचाच. पुढच्या बाकावर बोट टेकलं, तिथेही खोडलं गेलं. अध्यक्षांनी डोळ्यांनी खुणा केल्या, खोकून बघितलं, शेवटी त्यांच्याच उत्तरावर बोट येऊन टेकलं तेव्हा त्यांनीही मुकाट्याने खोडलं. आणि बरोबर त्याच वेळी दारातून आवाज आला. साहेब किती वेळ उभे होते कोण जाणे.

"बाई, परीक्षेत उत्तरं सांगताय?"

"उत्तर नाही सांगितलं," बाई म्हणाल्या. त्यांना खोटं बोलता येत नसे. "चूक दाखवली."

साहेब संतापले. ही परीक्षा रद्द, आधीचे शंभरही संशयास्पद म्हणून रद्द, आणि बाईंवर गैरवर्तनाचा आरोप. संध्याकाळच्या आत तसा सहीशिक्क्याचा कागद बाईंच्या हातात पडला. बाई बाकावर बसून रडल्या. आयुष्यभर ज्यांनी एकाही पोराला शेजारच्या वहीत डोकावू दिलं नाही, त्यांच्यावर कॉपीचा डाग! नोकरी जायची ती गेलीच, आता नवऱ्याला तोंड कसं दाखवायचं?

अध्यक्षांनी कागद घेतला, चष्मा लावून वाचला, पुन्हा वाचला आणि त्यांचा चेहरा हळूहळू फुलत गेला. तसेच ते कागद घेऊन साहेबांच्या खोलीत शिरले, मागोमाग बाईंनाही ओढून नेलं. साहेब म्हणाले, आता कशाला आलात, एक तारखेला करार संपतोय, त्या आपोआप जातील.

"आरोप ठेवलात ना, साहेब?" अध्यक्ष खुर्ची ओढून बसले. "मग चौकशी आली. आणि चौकशी संपेपर्यंत माणसाला कामावरून काढायचं नाही, मग तो कायम असो की करारावरचा, हे संघटनेबरोबर तुम्हीच सही करून ठरवलंय. शिवाय परीक्षा रद्द म्हणजे माणसं कच्ची. कच्च्या माणसांना नव्या यंत्राला हात लावू देणार का? वर्ग कोण घेणार?"

त्या कारखान्यातली चौकशी म्हणजे काय चीज असते हे साहेबांइतकं कुणाला ठाऊक होतं? कॅन्टीनमधला पंखा कुणी पाडला याची चौकशी त्यांनी नोकरीला लागल्या दिवशी हाती घेतली होती. दरम्यान आरोपी निवृत्त झाला होता, साक्षीदार आजोबा झाले होते, आणि पुढची तारीख अजून पडायची होती.

बाहेर आल्यावर बाईंना हसावं की रडावं कळेना. दुकान भाड्याने द्यायचं नाही हे नवऱ्याला कधी एकदा सांगते असं त्यांना झालं होतं. पण चार पावलं गेल्यावर त्या थांबल्याच. मन काही ऐकेना.

"अध्यक्ष, पण मी खरंच बोट ठेवलं होतं हो."

"ते चौकशीत निघेलच, बाई," अध्यक्ष म्हणाले. "म्हणून तर ती संपू द्यायची नाही."